घड्याळ कोर्टातून शेतात आणताना

रहस्यकथा लिहून नाव कमावलेला लेखक मध्येच कधीतरी जाहीर करतो की आता गावाकडची गोष्ट लिहायची. एका पोराची, त्याच्या जाणतं होण्याची. खून, तपास, खटला यातलं काही नको. विचार चांगला असतो, हस्तलिखित मात्र बहुतेकदा पन्नासाव्या पानावर बसकण मारतं. लेखकाने जुनं कसब घराबाहेर ठेवलेलं असतं. पहाट, धुकं, चुलीचा धूर, आजीचे सुरकुतलेले हात, सगळं पानापानावर सावकाश उतरतं. पण पुढचं पान उलटायची ओढ, ज्यासाठी वाचक या लेखकाकडे येत होता, तीच नेमकी हरवते.

माझं मत असं की कसब टाकायची काहीच गरज नाही. दोन गोष्टी बदलाव्या लागतात: घड्याळ आणि गुपिताची जागा. या दोन नीट बदलल्या तर बाकीची यंत्रणा तशीच चालते. हे शिकायला जॉन ग्रिशमच्या 'अ पेन्टेड हाउस'इतकं सोयीचं पुस्तक मला माहीत नाही. ते निर्दोष नाही, आणि त्याच्या दोषांतूनही तितकंच शिकता येतं. पुढे कथानकातल्या बऱ्याच गोष्टी उघड होणार आहेत, तेव्हा ज्यांना कोरं वाचायचं आहे त्यांनी आधी पुस्तक वाचून घ्यावं.

ग्रिशमचा जन्म १९५५चा, अर्कान्सा राज्यातल्या जोन्सबरोचा. भोवती सगळा कापसाचा मुलूख. पुढे मिसिसिपीत वकिली केली, तिथल्या विधिमंडळात निवडूनही गेला. १९९१च्या 'द फर्म'ने तो घराघरांत पोचला, आणि मग दरवर्षी कायद्याच्या जगातली एक थरारक कादंबरी हा नेमच झाला. ठाणे-डोंबिवलीच्या वाचनालयांत त्याच्या मराठी अनुवादांचे कोपरे झिजलेले दिसतात ते याच पुस्तकांचे. फेब्रुवारी २०००मध्ये 'द ब्रेदरन' आली, फेब्रुवारी २००२मध्ये 'द समन्स'. मधल्या फेब्रुवारीत, २००१ साली, वाचकाच्या हाती आलं ते सात वर्षांच्या ल्यूक चँडलरचं कापसाचं शेत. सुरुवातीच्या टिपेतच लेखकाने सांगून टाकलं होतं की या गोष्टीत एकही वकील नाही.

प्रकाशनाची चाल लक्षात घेण्यासारखी आहे. ही कादंबरी आधी २००० सालात 'द ऑक्सफर्ड अमेरिकन' या वाङ्मयीन नियतकालिकातून क्रमशः आली. म्हणजे नव्या प्रकारचं लेखन आधी त्याची आवड असलेल्या छोट्या वाचकवर्गापुढे गेलं आणि मग नेहमीच्या वाचकापुढे, नेहमीच्याच महिन्यात. लेखक बिथरला आहे असं कुणाला वाटायला जागा राहिली नाही. पुढच्या वर्षी कोर्ट परत आलंच.

आता घड्याळाकडे वळू. रहस्यकथेत मुदत बाहेरून लादलेली असते. खटल्याची तारीख, खंडणीची वेळ, फाशीचा दिवस. मुदत काढली की प्रसंग सुटे पडतात आणि लेखक त्यांना वर्णनांनी चिकटवत बसतो. ग्रिशमने मुदत काढलीच नाही, ती कापसाच्या हवाली केली. कादंबरी सुरू होते ती सप्टेंबर १९५२च्या एका बुधवारी. डोंगराकडचे मजूर आणि मेक्सिकन मजूर एकाच दिवशी दाखल होतात. कापूस पोराच्या डोक्याच्या वर गेला आहे. त्याचा लाडका बेसबॉल संघ मागे पडला आहे आणि मोसमाचे तीनच आठवडे उरलेत. पहिल्याच परिच्छेदात तीन हिशेब मांडून झाले: पीक किती, हात किती, दिवस किती. वकिली कादंबरीचं पहिलं पान असंच असतं, फक्त आकडे वेगळे.

जमीन ८० एकर, तीही खंडाने केलेली. बोंडं उमलली की कापूस वेचावाच लागतो. पाऊस लागला तर तो काळा पडतो, भाव उतरतो, आणि नदीकाठचं रान असेल तर पाणी शिरून जागेवरच जातो. हे कळण्यासाठी अर्कान्साला जायला नको. अकोला-यवतमाळकडच्या कुणाही माणसाला विचारा. पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादही, म्हणजे कापसाची पूजा, होतं, बायका कमरेला ओटी बांधून ओळीत शिरतात, आणि मजुरी किलोवर ठरते. साधारण पाच क्विंटल कापूस सरकीसकट वेचला जातो तेव्हा सरकी काढून १७० किलोची एक गाठ होते. लेखकाला हा हिशेब तोंडपाठ हवा. कारण संध्याकाळी काट्यावर कापूस तोलला जातो तिथेच घरातला ताण दिसतो: आज किती भरला, काल किती भरला होता, कोण कमी पडलं, का पडलं.

ग्रिशम हा ताण कथानकात कसा ओवतो ते बघा. डोंगराकडच्या कुटुंबातला हँक नावाचा दांडगा तरुण गावात मारामारी करतो आणि त्यात एक जण मरतो. रहस्यकथेच्या सवयीने प्रश्न पडला असता: पुरावा कोणाकडे आहे? इथे आजोबांना भलतीच विवंचना आहे. हँकला पोलिसाने उचललं तर त्याचं सगळं कुटुंब चंबूगबाळं आवरून निघून जाईल आणि कापूस शेतातच राहील. भला, देवभीरू माणूस खुन्याच्या बाबतीत 'जरा थांबा' म्हणतो, कारण वेचणी संपलेली नाही. पिकाचं घड्याळ माणसाच्या नीतीला असं हात घालतं. हे एकदा साधलं की प्रकरणाच्या शेवटी बंदुकीचा आवाज काढावा लागत नाही.

मेक्सिकन मजुरांचं येणं-जाणंही लेखकाच्या लहरीवर नाही. अमेरिका आणि मेक्सिको यांच्यातल्या ब्रासेरो करारामुळे १९४२ ते १९६४ या काळात असे मजूर हंगामापुरते आणले जात. हंगाम संपला की त्यांना जायचंच होतं. इतिहासानेच पात्रांच्या निघण्याची वेळ ठरवून दिली. शिवाय वेचणीची यंत्रं तेव्हा बाजारात आलेलीच होती आणि पुढच्या दोनेक दशकांत हाताने वेचणी तिथून जवळजवळ उठली. सात वर्षांच्या ल्यूकला हे ठाऊक नाही. वाचकाला ठाऊक आहे.

गुपिताची जागा बदलणं हे याहून अवघड काम. रहस्यकथेत गुपित बाहेर असतं, नायक ते शोधतो, सापडलं की पुस्तक संपतं. पोर जाणतं होण्याच्या गोष्टीत गुपित पोराच्या पोटात असतं. त्याला ते आधीच कळलेलं असतं, आणि प्रश्न एवढाच उरतो की तो ते किती दिवस पेलणार, कुणाला सांगणार, कुणापासून लपवणार. ल्यूक मारामारी पाहतो. पुढे काउबॉय नावाचा मेक्सिकन हँकला मारतो तेही पाहतो, आणि काउबॉय त्याला धमकावून गप्प बसवतो. धाकटा काका कोरियाच्या युद्धावर गेलेला, आणि त्याच्यामुळे शेजारच्या गरीब कुटुंबातली मुलगी आई होते, हेही त्याच्या कानावर येतं. आई, वडील, आजी, आजोबा अशा चारही मोठ्यांबरोबर तो रोज जेवायला बसतो आणि प्रत्येकापासून काहीतरी वेगळं लपवतो. शोध घ्यायला कुणी नाही, तरी धाकधूक संपत नाही.

मात्र इथेच ग्रिशमची जुनी सवय उफाळून येते, आणि ती झाकण्यात अर्थ नाही. महत्त्वाचं काही घडलं की ल्यूक तिथे हजर. मारामारीत हजर, पुलावरच्या खुनाला हजर, पोरगी ओढ्यावर अंघोळ करते तिथे हजर, बाळंतपण होतं त्या झोपडीच्या भिंतीला डोळा लावून हजर. रहस्यकथेत साक्षीदार घटनास्थळी लागतोच. एका पोराच्या दोन-अडीच महिन्यांच्या आयुष्यात इतकं सगळं डोळ्यांसमोर घडलं की वाचक मनात मोजू लागतो. असल्या कादंबरीत पोराने डोळ्यांनी पाहिलेली भयंकर गोष्ट एकच असावी, फार तर दोन. बाकीचं त्याने ऐकावं, अर्धवट ऐकावं, चुकीचं समजावं. चुकीचं समजण्यातच तर वय दिसतं.

पुस्तकातला सगळ्यात चांगला धागा कुठल्याच घटनेचा नाही. चँडलरांच्या घराच्या लाकडी भिंतींना कधी रंग लागलेला नाही, आणि रंग नसणं म्हणजे गरिबी हे हँक त्या पोराला टोचून सांगतो. पुढे हँकचाच अधू भाऊ, ट्रॉट, कुणाला न सांगता एका बाजूने फळ्या रंगवू लागतो. सुरुवातीला घरात कुणालाच कळत नाही की हे कोण करतंय. नंतर ल्यूक वेचणीतून साठवलेले स्वतःचे पैसे रंगाच्या डब्यांवर घालतो, ज्या पैशांतून त्याला आवडत्या संघाचं जाकीट घ्यायचं होतं. यात धमकी नाही, मुदत नाही, प्रेत नाही. कोण रंगवतंय, रंग पुरेल का, किती फळ्या झाल्या, एवढंच. तरी पानं उलटत राहतात. ज्या रहस्यकथाकाराला गावाकडे वळायचं आहे त्याने हा धागा पेन्सिल घेऊन वाचावा. कोडं तेच आहे, त्यातली माहिती कधी द्यायची आणि किती उशिरा द्यायची हे तंत्रही तेच आहे. पणाला फक्त कुणाचा जीव लागलेला नाही.

मराठीत असं वळण कुणी घेतलं का? बाबूराव अर्नाळकरांनी झुंजार, काळापहाड, धनंजय अशा नायकांना घेऊन हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, आणि ते त्याच वाटेवर राहिले. वळण घेणारं ठळक नाव सुहास शिरवळकरांचं. दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोझ इराणी हे त्यांचे नायक लोकप्रिय असतानाच १९८२ साली त्यांनी 'दुनियादारी' दिली. ती पुण्याच्या कॉलेजातल्या पोरांची आहे, गावाची नाही. पण प्रसंग कुठे तोडायचा आणि संवाद किती तोकडा ठेवायचा हे रहस्यकथांनी घोटवलेलं तंत्र त्यांनी तिथे टाकून दिलं नाही. पुस्तक अजून हातोहात फिरतं यात त्या तंत्राचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

मुंबईत बसून गावाची कादंबरी लिहिणाऱ्याची अडचण वेगळीच असते. त्याचं गाव मे महिन्यातलं असतं. आंबे, फणस, विहीर, रिकामी शेतं, दुपारची झोप. फार तर गणपतीतलं. पण शेताचं नाट्य जून-जुलै आणि ऑक्टोबरात घडतं, आणि त्या वेळी चाकरमान्यांची पोरं शाळेत असतात. म्हणून कित्येक हस्तलिखितांत शेत नुसतं पडद्यासारखं मागे टांगलेलं असतं. घड्याळ तिथे चालणार कसं?

कोकणातल्या भातावर हे घड्याळ बसवून दाखवतो. मृगाच्या आसपास तरव्यासाठी, म्हणजे भाताच्या रोपांसाठी, पेरणी होते. एका एकराच्या लावणीला साधारण चार गुंठ्यांचा तरवा लागतो, बियाणं पंधरा ते वीस किलो. तरवा २१ ते २५ दिवसांचा झाला की उपटून लावायचा. म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यात शेतात पाणी उभं हवं, चिखलणी झालेली हवी, जोत हवं आणि माणसं हवीत. एकराला दिवसाची दहा-बारा माणसं धरा. आता यातली एकच गोष्ट मोडा. पाऊस आठ दिवस थांबला. चिखल होत नाही, तरवा मात्र वाढतोच आहे. महिन्याच्या वर गेला की लावल्यावर फुटवे कमी येतात, उत्पन्न घटतं. घरातले मोठे रोज आभाळाकडे बघतात आणि कुणी कुणाशी धड बोलत नाही. आठ दिवसांनी पाऊस आला की सगळ्या गावाला एकदम माणसं हवी असतात. आधी कुणाच्या शेतात जायचं? ज्याच्याशी गेल्या वर्षी बांधावरून भांडण झालं तो येईल का? संघर्ष आपोआप उभा राहतो, खलनायक आणावा लागत नाही.

पुढची मुदत कापणीची. हळवं भात साधारण शंभर-एकशेदहा दिवसांत तयार होतं, निमगरवं त्यानंतर, गरवं एकशेचाळीसच्या पुढे. कापलेलं भात दोन-तीन दिवस शेतात वाळवतात आणि मग झोडतात. नेमका त्या दोन-तीन दिवसांत परतीचा पाऊस आला की आडव्या पडलेल्या लोंब्यांना कोंब फुटतात. वर्षाचं अन्न डोळ्यांदेखत उगवून वाया जातं. ग्रिशमच्या पुस्तकात शेवटी पूर येतो आणि कापूस शेतात राहतो, त्याच जागी आपल्याकडे ही तीन दिवसांची धास्ती बसते. पुरापेक्षा ती मला जास्त भेदक वाटते. पूर सगळ्यांचाच येतो. इथे शेजाऱ्याचं भात कालच झोडून झालेलं असतं.

याला मुंबईचा धागा जोडायचा तर १९८२ साल घ्या. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यातले कित्येक जण गावी परतले. दहा वर्षांच्या पोराच्या नजरेने पाहा: वडील म्हणजे गणपतीत आणि मे महिन्यात दिसणारा माणूस. मनीऑर्डरच्या पावतीवरचं नाव. तो माणूस यंदा पहिल्या पावसाला घरी आहे. मनीऑर्डर बंद झाली, पण लावणीला दोन हात वाढले. ते हात साच्यावर सराईत, चिखलात नवखे झालेले. आजोबा त्याला कसं सांगणार की जोत नीट धर? आई कुणाच्या बाजूने बोलणार? भाताला तारखा आहेत. संपाला तारीखच नाही, तो कधी संपला असं कुणी जाहीर केलंच नाही. ही दोन घड्याळं एका घरात समोरासमोर ठेवली की कादंबरीचा कणा तयार झाला.

आणि गुपित? प्रेत नको. आईने पाटल्या गहाण टाकल्यात आणि फडक्यात बांधलेली ती पुरचुंडी पोरगाच तिच्याबरोबर सोनाराकडे घेऊन गेला होता. वडिलांना माहीत नाही. गणपतीत आईचे हात रिकामे दिसणार. वाचकाला पहिल्या तीस पानांत हे कळू द्या, वडिलांना शेवटच्या तीस पानांपर्यंत कळू देऊ नका. मधल्या प्रत्येक प्रसंगात आईने हातावर पदर कसा घेतला, पोराने विषय कसा बदलला, आत्याने काय ताडलं, एवढं सांभाळा. रहस्यकथाकाराला हे डाव्या हाताचं काम आहे. फक्त त्याने सुटका म्हणून शेवटी पाटल्या चोरीला जाण्याचा प्रसंग घालू नये. तो मोह होतो.

पोराचं वय हा कळीचा निर्णय. ग्रिशमने सात ठेवलं आणि निवेदन मोठेपणीच्या आठवणीच्या सुरात केलं. त्यामुळे ल्यूक कधीकधी वयाला न शोभणारे डावपेच लढवतो. मी नऊ ते बारा सुचवेन. त्या वयाचं पोर हिशेब करू शकतं, निरोप पोचवू शकतं, दुकानात उधारी मागायला पाठवता येतं, आणि तरीही मोठ्यांना त्याच्यासमोर बोलताना आवाज खाली आणावासा वाटत नाही. नात्यातली शारीरिक बाजू त्याला अर्धवट कळते, मृत्यू बऱ्यापैकी कळतो, कर्ज पूर्ण कळतं.

मग घराचा नकाशा काढा. खरोखर कागदावर काढा. खळं, पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी, गोठा. पोर रात्री कुठे झोपतं? तिथून कुणाचं बोलणं ऐकू येतं? कौलारू घरात भिंती आढ्यापर्यंत गेलेल्या नसतील तर माजघरातलं पडवीत ऐकू येतं, पण पाऊस कौलांवर वाजायला लागला की काहीच ऐकू येत नाही. ही एक साधी गोष्ट सांभाळली तर 'योगायोगाने कानावर पडलं' ही युक्ती वापरावी लागत नाही. जुलैतल्या रात्री पोराला अर्धंच वाक्य मिळतं, उरलेलं पाऊस खातो. रहस्यकथेत फाटलेली चिठ्ठी जे काम करते तेच हे.

काळाच्या बाबतीत नेहमी होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. १९८२च्या गोष्टीत माणसं कोकण रेल्वेने गावी येतात. ती रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली १९९८मध्ये, तोवर एसटी. गावात फोन खणखणतो. तेव्हाच्या बहुतेक गावांत निरोप म्हणजे आंतर्देशीय पत्र, फार निकड असली तर तार. पत्राला लागणारे दिवस ही तर लेखकाला मिळालेली देणगी आहे. मुंबईत काय झालं ते गावात चार दिवसांनी कळतं, आणि त्या चार दिवसांत घर जुन्या माहितीवर चालत राहतं. पावसाच्या खऱ्या तारखा हव्या असतील तर जुनी वर्तमानपत्रं बघा. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, फोर्टात एशियाटिक. त्या वर्षीचे जून ते ऑक्टोबरचे अंक चाळले की पावसाबरोबर बाजारभाव, संपाच्या बातम्या आणि सिनेमाच्या जाहिरातीही हाती लागतात.

बोलीबद्दल थोडक्यात. निवेदन प्रमाण मराठीत, संवाद बोलीत, ही रूढ वाटणी ठीक आहे. पण मालवणी, संगमेश्वरी आणि रायगडाकडची बोली एकत्र कालवू नका. तालुका ठरवा आणि संवाद त्या तालुक्यातल्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. बोली येत नसेल तर संवाद साध्या मराठीत ठेवा, वाक्यं आखूड करा. वाचक ते खपवून घेतो, खोटी बोली खपवून घेत नाही.

लांबीचा अंदाज साठ ते सत्तर हजार शब्द. रहस्यकथेची प्रकरणं हजार-बाराशे शब्दांची असतात, इथे ती अडीच हजारांच्या आसपास जाऊ द्या, कारण प्रत्येक प्रकरणात शेतातलं एक काम पूर्ण व्हायला हवं. प्रकरणाच्या शेवटी धक्का द्यायची सवय मोडणं सगळ्यात कठीण. त्यासाठी एक उपाय उपयोगी पडतो: पहिला खर्डा झाला की प्रत्येक प्रकरणाचं शेवटचं वाक्य खोडून टाका. दहापैकी सहा-सात ठिकाणी काहीच बिघडत नाही. जिथे बिघडतं तिथलं परत घ्या.

छापायच्या बाबतीत ग्रिशमची वाट आपल्याकडेही मोकळी आहे, कारण आपल्याकडे दिवाळी अंक आहेत. १९०९ साली मुंबईत काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून नव्या वळणाचं लेखन आधी तिथे दाखवायची सोय मराठी लेखकाला आहे. कादंबरीतला लावणीचा भाग दहा-बारा हजार शब्दांची दीर्घकथा म्हणून वेगळा काढा. मजकूर जुलै-ऑगस्टपर्यंत संपादकाकडे गेलेला हवा. पुस्तकाच्या वेळी प्रकाशकाशी मुखपृष्ठावरून भांडायची तयारी ठेवा. जुन्या पुस्तकांची काळी-लाल पार्श्वभूमी आणि तीच जाड अक्षरं वापरली की वाचक पहिल्या प्रेताची वाट बघत वाचतो आणि चिडतो. मलपृष्ठावर पहिल्याच ओळीत साल, गाव आणि पोराचं वय छापा.

छापायला देण्याआधी हस्तलिखित दोघांनी वाचावं. एक तुमच्या रहस्यकथांचा पट्टीचा वाचक, त्याने फक्त एवढंच करायचं: पुस्तक जिथे खाली ठेवावंसं वाटलं त्या पानावर खूण. दुसरी व्यक्ती लावणी-कापणी स्वतः केलेली, शक्यतो बाई, कारण तरवा उपटणं आणि लावणं हे काम बहुतेक त्यांच्याच हातांनी होतं. तिने तारखा, माणसांची संख्या आणि कामाचा क्रम तपासायचा. दोघांच्या खुणा एकाच पानावर पडल्या तर ते पान पुन्हा लिहायला घ्या, आणि सुरुवात शेतातल्या कामापासून करा.